दाराआडचा डोहाळा

फार वर्षांपूर्वी, पिंपळडोहाला ना रस्ता होता ना दवाखाना, तेव्हा तिथं ठकू सुईण होती. तिच्या तळहाताला पोटातल्या बाळाचं बोलणं कळायचं, असं म्हणतात. आता बाळ बोलतं कसं, ते मला विचारू नका. मी काही ऐकायला गेलो नव्हतो.

त्या गावात पोटुशीला डोहाळे चारचौघांत विचारायचे. सासू, नणंदा, नवरा, सगळे समोर. डोहाळा अडवला तर बाळाचा कान फुटतो, या धाकानं जो तो चिंचा-बोरं आणायला धावायचा.

तुळाजीच्या बायकोला, येसूला, सातवा लागला. घरच्यांनी विचारलं तर म्हणाली, "काही नको." ठकू तेल लावायला आली, तेव्हा तिला पाठीवर वळ दिसले.

"हे काय गं?"

"पायरीवरून पडले, आत्या."

तुळाजी दारातच उभा होता. येसूचं पहिलं मूलही असंच 'पडून' गेलं होतं. ठकूच्या हाताखाली बाळ एकदम गप्प झालं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, आतून कडी लावली आणि पुन्हा डोहाळा विचारला. येसू आधी नुसती रडली. मग म्हणाली, "एकदा न भिता झोपावंसं वाटतंय."

ठकूनं बाहेर येऊन खणखणीत सांगितलं, "हिला माझ्या घरी झोपायचे डोहाळे लागलेत. बाळंत होईस्तोवर." सासूला नातवाच्या कानाची भीती. तिनंच येसूचं बोचकं बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी तुळाजी काठी घेऊन ठकूच्या दारात आला. "असला डोहाळा असतो व्हय? चल घरी!" तो ओरडला, आणि येसूच्या पोटातून बाळानं टाहो फोडला. अख्ख्या आळीनं तो ऐकला, असं म्हणतात. माणसं धावली, त्याच्या हातची काठी काढून घेतली.

"पोरानं आवाज ओळखला बघ तुझा," ठकू म्हणाली. तुळाजी पुन्हा त्या आळीत फिरकला नाही.

येसूला मुलगी झाली, ठणठणीत. पुढं ती नवऱ्याकडे गेली का? कुणी हो म्हणतं, कुणी नाही. मला विचाराल तर गेली नसावी, आणि बरंच केलं.

आता तिथं उपकेंद्र आहे. नवरा कितीही बडा असो, सिस्टर त्याला बाहेर बाकावर बसवते, कडी लावते आणि मगच बाईला डोहाळे विचारते. गाव त्याला 'ठकूची कडी' म्हणतं. परगावचे लोक पिंपळडोहात मुलगी द्यायला आले की आधी विचारतात, "तुमच्याकडं कडी लावतात ना अजून?"

हो म्हटलं, तरच सुपारी फुटते.