उखाजीने केलेला उखाजीचा निवाडा

एका नदीकाठच्या गावात एक बंधारा होता, आणि त्यातून निघालेल्या एकाच पाटावर सगळ्यांची शेतं भिजत. पाणी थोडं, तोंडं फार. म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. दर अक्षय्य तृतीयेला गाव बंधाऱ्यावर जमे आणि तीन कामं तीन माणसांना वाटून देई. एकाने पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या. दुसऱ्याने त्याप्रमाणे पाटाचं दार उघडायचं नि लावायचं. तंटा झालाच तर निवाडा तिसऱ्याने करायचा. एकाच्या कामात दुसऱ्याने हात घालायचा नाही, अशी शपथच होती.

पाळ्या ठरवायला होता उखाजी. हुशार माणूस, हाताचाही स्वच्छ. चार पिढ्यांत त्याच्या घराला कोणी चोर म्हटलं नव्हतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान. पण हेवा म्हणाल तर काठोकाठ भरलेला.

दार उघडायला भिला होता. वाफ्यात पाणी शिरलं की बायका त्याला तोंडभरून आशीर्वाद देत. नवा गूळ निघाला की पहिली ढेप त्याच्या घरी जाई. आता पाळी लावली कोणी? उखाजीने. डोकं शिणवलं कोणी? उखाजीने. आणि मान मिळाला कोणाला, तर त्या खोरं धरणाऱ्याला! उखाजीच्या अंगाचा नुसता तिळपापड होई. त्यात निवाडा करायला म्हातारी गोजरबाई. भांडणारे दोघेही जाताना तिच्या पाया पडत, हरलेलासुद्धा. हे तर त्याच्या डोळ्यांत फारच खुपे. दोघांचं कौतुक ऐकलं की त्याला घास गोड लागेना.

एक वर्ष पाऊस कमी झाला. लोक धास्तावले, आणि उखाजीला आयती संधी मिळाली. त्याने हळूच कानगोष्टी सुरू केल्या. भिला म्हणे दार लावायला उशीर करतो. गोजरबाईला म्हणे आता नीट ऐकू येत नाही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं त्याला हे खरंच वाटू लागलं होतं. अक्षय्य तृतीयेला तो उभा राहिला आणि म्हणाला, "टंचाईत तीन डोकी कशाला? सगळं माझ्याकडे द्या." घाबरलेल्या लोकांनी माना डोलावल्या. भिलाने दाराची किल्ली खाली ठेवली. गोजरबाई निवाड्याच्या ओट्यावरून उतरली.

मग काय, सगळे रामराम उखाजीला! त्याला आभाळ ठेंगणं झालं. पाणी मात्र त्याने चोख वाटलं, हे कबूल करायला हवं.

गहू पोटरीला आला, ओंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा गोष्ट फिरली. एका सकाळी पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेलं धवळूचं शेत कोरडं ठाक निघालं, आणि उखाजीच्या शेतात घोटाघोटा पाणी! वर उंदरांनी पाटाचा काठ पोखरला होता. तिथून पाणी फुटून थेट उखाजीच्या गव्हात शिरलं होतं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण लोक म्हणू लागले, कुंपणच शेत खातंय.

उखाजीने गाव गोळा केलं. स्वतः ओट्यावर बसला, स्वतःचीच बाजू मांडली, आणि उखाजी निर्दोष आहे असा निवाडाही स्वतःच दिला. कोणी हसलं नाही. धवळू तेवढा उठून म्हणाला, "बीळ आम्हीही पाहिलं. पण ते उंदराचं की कुदळीचं, हे तूच ठरवणार ना?"

लोक निघून गेले. त्या दिवसापासून उखाजी समोर आला की माणसं वाट बदलत. चार पिढ्यांचं नाव मातीत चाललं होतं, तेही न केलेल्या चोरीपायी. वाटेत भिला दिसला की त्याचा पुन्हा हेवा वाटे. पण आता भिलाच्या मानाचा नव्हे, त्याच्या शांत झोपेचा.

शेवटी तो गोजरबाईच्या दारी गेला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "तू एकदा म्हण की मी चोर नाही. तुझा शब्द गाव मानतं."

म्हातारी म्हणाली, "मी शहाणी आहे म्हणून गाव मानत नव्हतं रे. पाळी माझ्या हातात नव्हती, दारही नव्हतं, म्हणून मानत होतं."

उखाजी खाली मान घालून परतला. त्याच दिवशी त्याने भरल्या गावासमोर किल्ली भिलाकडे दिली आणि ओटा गोजरबाईला मोकळा केला. मग हात जोडून आरोपीच्या जागी उभा राहिला. गोजरबाईने बीळ खणून पाहायला लावलं. आत उंदराची पिल्लं निघाली. तिने निवाडा दिला की उखाजीने चोरी केलेली नाही. पण तीन कामं एकट्याने ओढताना काठाकडे लक्ष द्यायचं राहिलं, हा त्याचा गुन्हा. दंड म्हणून त्याने काठ बांधून द्यावा आणि आपली पुढची पाळी धवळूला द्यावी.

दंड ऐकून उखाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. काठ बांधायला तो निघाला, तेव्हा धवळूच खोरं घेऊन त्याच्याबरोबर चालू लागला.

तात्पर्य: गावाचा पाट असो की देशाचं राज्य, नियम करणारा, तो राबवणारा आणि न्याय देणारा वेगवेगळे असावेत; सारी सत्ता हेव्यापोटी एकट्याने बळकावली, तर त्याचा खरेपणाही कोणी खरा मानत नाही.