टिटवीचा फोटो

रानातल्या बाजारात कॅमेरेसुद्धा मिळत, त्या काळची ही गोष्ट. गुंजा नावाची वानरी रानातल्या सगळ्यांचे फोटो काढायची. एके दिवशी दुकानदार साळिंदर नवाकोरा कॅमेरा घेऊन आला.

"गुंजाताई, यातून लांबचंही अगदी जवळ दिसतं. जुना द्या, हा घ्या."

"माझ्या जुन्याला काय झालंय? मी जवळ जाऊन काढते की फोटो!" गुंजा म्हणाली. पण कुतूहल काही तिला गप्प बसू देईना. "एक दिवस वापरून बघते," म्हणत ती उंच झाडावर चढली.

लांब माळावर टिटवी दिसली. गुंजाच्या प्रत्येक फोटोत ती चोच वासून किंचाळत असे. भारी तापट बाई, असं गुंजा सगळ्यांना सांगायची. आज मात्र टिटवी ओढ्यात पोट भिजवून आली आणि उन्हाने तापलेल्या अंड्यांवर अलगद बसली. गुंजा फोटो काढायचंच विसरली.

संध्याकाळी साळिंदराने विचारलं, "मग, काय ठरलं?"

"हा ठेवते," गुंजा हळूच म्हणाली. "ती तापट नव्हतीच, भाऊ. मी अंड्यांजवळ जायचे, म्हणून ओरडायची."