पंचाचं पाणी

“मग इतका तटस्थ माणूस मी आणू तरी कुठून, बुवा?”

दिनकरराव मोघे घाम पुसत विचारत होते. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले. भर उन्हात मठाचा चढ चढून आले, आणि आल्या आल्या मुद्द्यालाच हात घातला. बुवांना ‘बस’ म्हणायलाही फुरसत दिली नाही.

ओसरीवर एक म्हातारी सुपात तूरडाळ निवडत बसली होती. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून तिच्याकडे वळून रेवणबुवा मोठ्यानं एवढंच म्हणाले, “पाहुण्याला पाणी.”

ती उठली. भिंत चाचपत आत गेली, आणि तांब्याभर पाणी अन् गुळाचा खडा घेऊन आली.

दिनकररावांनी गूळ तोंडात टाकला. तांब्या एका दमात रिकामा केला.

“आणखी देऊ?” म्हातारीनं विचारलं.

“नको, मावशी. जीव थंड झाला.”

ती परत सुपाशी जाऊन बसली.

मी अंगणात जळण फोडत होतो, म्हणून हे सगळं पाहिलं. दिनकरराव लहानपणी ह्याच मठात बुवांपाशी शिकलेले. माणूस चांगला. पण आपण चांगले आहोत हे त्यांना जरा जास्तच पक्कं ठाऊक.

भांडण सगळ्या तालुक्याला माहीत होतं. शाहीर आप्पा मुळीक ह्यांचं एक गाणं. गाणं कोड्याचं, पण चाल अशी की पाय जागेवर राहत नाहीत. वरातीत बँडवाले वाजवतात, पोरं मोबाईलवर ऐकतात. कॅसेट कंपनीचे शेठ म्हणत, गाणं जुनं, लोकांचं. आप्पांनी फक्त गायलं. मग रॉयल्टी कसली आणि नाव कसलं?

आप्पा तर गेले. मागे बायको. ती म्हणे, गाणं त्यांनीच रचलं, माझ्यासमोर रचलं. पैसे द्या नाहीतर राहू द्या, पण गाण्यावर त्यांचं नाव घाला. माझे डोळे मिटायच्या आत घाला.

कोर्टानं सांगितलं, लवाद नेमा आणि मिटवा. लवाद निवडायचं काम दिनकररावांकडे आलं.

“दोन पावसाळे शोधतोय,” ते म्हणाले. “एक प्राध्यापक मिळाले. त्यांनी आप्पांवर लेख लिहिलेला निघाला. एक वकील मिळाले, तर त्यांचा भाचा कंपनीत. एक गवई होते, ते शेठच्या मुलाच्या लग्नात जेवलेले.”

“जेवलेले?”

“पंगतीत बसलेले, बुवा. फोटो आहे.”

“अरे वा. काय होतं जेवायला?”

मला हसू आवरेना. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट कुऱ्हाड उचलली.

“थट्टा नको, बुवा. मी फार विचार करून आलोय. तुम्ही संन्यासी. ना घर, ना दार, ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात. तुम्हीच लवाद बसा.”

बुवांनी भिंतीकडे बोट केलं. खुंटीला एक डफ टांगलेला होता. चामडं पार सैल पडलेलं.

“तो माझा. मी कलगीवाला होतो, विसरलास का? आप्पा तुरेवाला.”

कलगी आणि तुरा, शाहिरांचे हे दोन पक्ष. फेट्यावर जो तुरा किंवा कलगी, त्या पक्षाचा माणूस. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा. जबाब सुचला नाही की हार.

“ते गाणं आप्पानं माझ्यावरच टाकलं होतं,” बुवा म्हणाले. “भर जत्रेत. मला जबाब आला नाही... त्या दिवसापासून डफ खुंटीला.”

“म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, गाणं कुणाचं!”

“माहीत आहे ना. म्हणून मी साक्षीदार. पंच नव्हे.”

दिनकररावांनी कपाळाला हात लावला. “झालं. तुम्हीसुद्धा बाद.”

“निवडता निवडता सूप रिकामं केलंस, दिनकर. शिजवणार काय?”



“मग तुमच्या फडात पंच कोण असायचा?” दिनकररावांनी विचारलं. “तिथं तर सगळे कलगीवाले नाहीतर तुरेवालेच.”

“तेच असायचे. कलगीनं तुऱ्यातला एक निवडायचा, तुऱ्यानं कलगीतला.”

“समोरच्याचा माणूस?”

“समोरच्याचा. घोंगडीवर बसताना त्यानं आपल्या फेट्यावरची कलगी नाहीतर तुरा काढायचा आणि पुढ्यात ठेवायचा. सगळ्या जत्रेला दिसेल असा.”

“हा तर उघड उघड पक्षपात.”

“उघड होता... म्हणून त्याला सांभाळावा लागायचा.”

दिनकररावांना ते पटलं नाही. त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“बरं, ते दोघं काय म्हणतात?” बुवांनी विचारलं. “शेठ? आप्पाची बायको?”

साहेबांनी खाली पाहिलं. “दोघांनीही वकिलांकडून एकच निरोप धाडलाय. तुम्हीच बसा म्हणतात.”

“तू?”

“मी.”

“दोघंही?”

“दोघंही.”



“मग अडलंय कुठं?”

“असा कसा बसू, बुवा? मला निवडायला ठेवलं आणि मी स्वतःलाच निवडलं? लोक काय म्हणतील! उभा जन्म न्यायाच्या खुर्चीत काढला, एक बोट उठलं नाही माझ्याकडे.”

“आणि ती बाई?”

“थकलीय म्हणतात. थांबलीय बिचारी.”

“कशासाठी?”

“निकालासाठी.”

“निकालासाठी... का तुझ्या नावासाठी?”

सुपातली डाळ तेवढी वाजत होती. टोला बसला म्हणून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

“ती गेली तर दावा पुढे कोण चालवेल?” बुवांनी विचारलं.

“कुणी नाही. मूलबाळ नाही त्यांना.”

“मग उशीर कुणाच्या बाजूचा, दिनकर?”

दिनकरराव ताडकन उठले. आवाज चढला.

“माझ्यावर बाजू घेतल्याचा आळ? मी ना शेठच्या घरचा चहा प्यालो, ना त्या बाईच्या! दोघांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही मी!”

“चहा नाही प्यालास,” बुवा म्हणाले. “पाणी प्यालास.”

“कुठं?”

बुवांनी सुपाकडे पाहिलं. सुपामागे ती म्हातारी. तिची बोटं थांबली होती.

“ही सगुणा. आप्पाची बायको. दर सोमवारी येते, मठाचं धान्य निवडून देते.”

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तोंडावरून हात फिरवला, आणि तो हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

“बुवा! हे काय केलंत? मला बाटवलंत तुम्ही!”

म्हातारी धडपडत उठली. “काय झालं? पाण्यात काही होतं का? मला मेलीला नीट दिसत नाही, नीट ऐकू येत नाही... चुकलं का माझं काही?”

तिचा हात हवेत तसाच. समोर कोण, किती लांब, तिला काही कळत नव्हतं.

“नाही, मावशी,” दिनकरराव तिच्याजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले. “पाणी चांगलं होतं.”

“कोण म्हणायचं तुम्ही?”

आता हा माणूस काहीतरी थाप मारेल आणि चढ उतरून जाईल, असं मला वाटलं. मी असतो तर तेच केलं असतं.

“मी मोघे. दिनकर मोघे. तुमच्या दाव्यात... लवाद निवडणारा.”

सगुणाबाई जागच्या जागी उभी राहिली. पदर सावरला. आता ही रडणार, पाय धरणार. दोन पावसाळे वाट बघणाऱ्या माणसानं दुसरं काय करावं?

“मग मी बोलत नाही तुमच्याशी,” ती म्हणाली. “शेठ इथं नाहीत ना. त्यांच्या माघारी कसं बोलू?”

तिनं सूप उचललं आणि भिंत चाचपत आत गेली.

दिनकरराव खाली बसले. चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत राहिले, मग डोळे पुसले.

“बुवा, ती माझ्यापेक्षा...”



आत तिनं चुलीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. डफावर एक माशी येऊन बसली, उडाली.

“मी बसलो तर शेठला हे सांगावं लागेल,” दिनकरराव हळू म्हणाले.

“सांग.”

“की तिच्या हातचं पाणी प्यालो. गूळ खाल्ला. जीव थंड झाला, असं वर म्हणालो.”

“सगळं सांग.”

“आणि उशीर केला, तेही?”

“तेही.”

“ते म्हणतील, तुम्ही तिच्या बाजूचे झालात.”

“म्हणतील.”

“मग मी काय करू, बुवा?” हे विचारताना त्यांचा आवाज न्यायाधीशाचा राहिला नव्हता.

बुवा उठले. ओसरीवरचा रिकामा तांब्या उचलला आणि साहेबांच्या हातात दिला.

“शेठच्या दारात जा... आणि पाणी माग.”