घोंगड्याची घडी

पूर्वी चंपानगरीत अरिंदम नावाच्या राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व तापस होऊन हिमालयात पर्णकुटी बांधून राहत होता. कंदमुळे खाऊन जिभेला कंटाळा आला, की मीठ आणि आंबट मिळावे म्हणून तो कधीमधी नगरात उतरे. एका वर्षी तो उतरला तेव्हा थंडी लवकर पडली होती. वाटेत त्याला ताप भरला. अंगावर एकच वल्कल, तेही झिजलेले.

त्याच नगरात नंदिसेन नावाचा धान्याचा व्यापारी होता. दानात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. राजाने भरसभेत आपल्या खांद्यावरची लोकरी शाल काढून त्याला दिली होती. ती पांघरल्याशिवाय नंदिसेन उंबरा ओलांडत नसे.

त्याच्या घरचा एक नियम होता. कार्तिकी पौर्णिमेला घरातल्या प्रत्येक वस्त्राच्या आणि चटईच्या घडीत गव्हाची एक काडी सरकवायची. पुढच्या कार्तिकात ती काडी जागची हलली नसेल, तर त्या वस्तूची घराला गरज नाही असे धरायचे आणि वस्तू दानशाळेत पाठवायची. नियम आजोबांचा. माणूस लोभाने खोटे बोलतो, काडी खोटे बोलत नाही, असे आजोबा म्हणत. नंदिसेनही तेच म्हणे, आणि दुसऱ्यांना ऐकवीही.

त्या वर्षी पौर्णिमा आली तेव्हा त्याची मुलगी सुयामा मामाच्या गावी गेली होती. पोर आठ-नऊ वर्षांची. नंदिसेन आणि त्याची बायको वसुला एकेक घडी तपासत तिच्या पेटीपाशी आले.

"अहो, ही पोरीची पेटी आहे," वसुला म्हणाली. "उद्या येईलच ती. तिला विचारू."

"पोरांना विचारून दान करायचं म्हटलं तर दानशाळेत चिंधीसुद्धा पोचायची नाही," नंदिसेन म्हणाला. "उघड."

पेटीच्या तळाशी काळे घोंगडे होते. सोणा नावाच्या दाईचे. सोणा धनगराच्या घरची. तिने सुयामाला लहानाचे मोठे केले, हातपाय थकल्यावर आपल्या गावी गेली आणि तिथेच वारली. जाताना हे घोंगडे पोरीला देऊन गेली होती.

नंदिसेनाने घडीत बोट घातले. काडी जागच्या जागी होती.

"बघ," तो म्हणाला. "वर्षभर पांघरलेलं नाही."

"तसाही त्याला मेंढरांचा वास येतो," वसुला म्हणाली, आणि तिनेच ते उचलून दानाच्या ढिगावर टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दानशाळेत नंदिसेनाने स्वतःच्या हाताने वाटप केले. तापसाची पाळी आली. तो थंडीने कुडकुडत होता. नंदिसेनाने ते घोंगडे त्याच्या हातावर ठेवले.

"घ्या महाराज. कोऱ्यासारखं आहे."

तापसाने घडी उलगडली. काडी खाली पडली. घोंगडे अंगाभोवती लपेटून तो म्हणाला, "ज्याचं होतं त्याचं कल्याण होवो."

हा आशीर्वाद आपल्यालाच, असे समजून नंदिसेनाने हात जोडले.

दुपारी सुयामा घरी आली. पाय धुतले आणि सरळ पेटीकडे गेली. पेटी उघडली, आत पाहिले, मिटली. मग आईसमोर येऊन उभी राहिली.

"माझं घोंगडं कुठं आहे?"

वसुलाने नवऱ्याकडे पाहिले.

"दानशाळेत गेलं," नंदिसेन म्हणाला. "काडी हलली नव्हती."

पोर रडली नाही. वळली आणि दारातून बाहेर पडली. "अगं, थांब," करीत आईबाप मागे निघाले. नंदिसेनाने तेवढ्यातही शाल घेतली.

दानशाळेच्या भिंतीला टेकून तापस बसला होता. सुयामा त्याच्यापुढे जाऊन थांबली.

"हे माझं आहे."

"ए पोरी," रखवालदार म्हणाला, "साधूच्या अंगावरचं ओढतेस? कुणाची गं तू?"

मग त्याने मागून येणारा नंदिसेन पाहिला आणि जीभ चावली. जेवायला बसलेली माणसे माना वळवून पाहू लागली. नंदिसेनाचे कान तापले.

"घरी चल," तो म्हणाला. "तुला नवं घेऊन देतो. यापेक्षा मऊ."

"नवं नको."

तापसाने विचारले, "बाळ, तुझं असेल तर पांघरत का नव्हतीस? घडीत काडी तशीच होती."

"ती घडी सोणानं घातली होती," सुयामा म्हणाली. "मोडली असती तर मला परत तशी घालता आली नसती. म्हणून मी नुसता वरून हात ठेवायची. रोज."

नंदिसेनाने ते ऐकले. काडी खोटे बोलली नव्हती. तिला जेवढे विचारले तेवढेच तिने सांगितले होते.

तापसाने अंगावरचे घोंगडे काढले आणि पोरीच्या हातात दिले. "घोंगडं घे. घडी मात्र मी मोडली. ती मला परत देता येत नाही."

"महाराज, अंगात ताप आहे," रखवालदार म्हणाला. "रात्र काढणार नाही तुम्ही."

"नाही निघाली तर नाही. न दिलेलं घ्यायचं नाही, हे माझं व्रत आहे. हे मला कुणी दिलंच नव्हतं."

"मी दिलं होतं," नंदिसेन म्हणाला.

"तुझं नव्हतं, गृहपती."

पंगतीतली एक म्हातारी भात कालवता कालवता म्हणाली, "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र." दोघेतिघे हसले. अन्न नंदिसेनाचेच होते, तरी हसले.

नंदिसेन मुलीशेजारी वाकला. "आता तूच दे," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझ्या हातानं दे. पुण्य तुझं."

सुयामाने तापसाकडे पाहिले, घोंगड्याकडे पाहिले.

"नाही," ती म्हणाली.

"काय पोर तरी," कोणी म्हणाले. "बापाचं नाव घालवलं."

"तिला बोल लावू नका," तापस म्हणाला. "जिला नाही म्हणू देत नाही, तिच्या हो म्हणण्याला काय किंमत?"

एवढे बोलून तो भिंतीचा आधार घेत उठला आणि वेशीकडे चालू लागला. त्याची पाठ उघडी होती. वारा सुटला होता.

नंदिसेन पाहत राहिला. मग चार पावले गेला, थांबला, पुन्हा निघाला. वेशीजवळ त्याने तापसाला गाठले आणि खांद्यावरची शाल काढून पुढे धरली.

"ही कुणाची?" तापसाने विचारले.

"माझी. राजानं दिलेली."

"विचारलंस?"

"कुणाला विचारायचं? माझीच आहे."

"तुला स्वतःला विचार."

नंदिसेनाने शालीवरून हात फिरवला. आतून स्पष्ट उत्तर आले, देऊ नकोस. तो दचकला. गाड्या भरभरून दान केले होते, पण असे उत्तर कधी आले नव्हते.

"नाही म्हणतंय मन," तो म्हणाला.

"मग ती तुझी आहे. आता द्यायची की नाही, ते तू ठरव."

नंदिसेनाने शालीची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग त्याने शाल तापसाच्या खांद्यांवर घातली आणि मोकळ्या खांद्यांनी, सगळ्या बाजारातून घरी गेला. त्याला थंडी वाजत होती.

तापस त्या शालीत बरा झाला आणि ताप उतरल्यावर हिमालयात परतला. सुयामा त्या हिवाळ्यात घोंगडे पांघरून झोपू लागली. घडी मोडलीच होती. नंदिसेनाच्या घरी काडीचा नियम पुढेही राहिला, पण काडीनंतर माणसाला विचारू लागले.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही गोष्ट श्रावस्तीत सांगितली, मंडन नावाचा गृहस्थ मुलीला न विचारता तिची खेळण्यांची पेटी विहारात दान द्यायला घेऊन आला तेव्हा. गोष्ट संपवून शास्ता म्हणाला, "त्या वेळचा नंदिसेन म्हणजे हा मंडन. वसुला म्हणजे याची बायको. सुयामा म्हणजे दाराशी पाठ फिरवून उभी आहे ती याची मुलगी. आणि तापस मी होतो." मग त्याने पेटी उचलायला सांगितली. मंडनाने ती उचलली आणि दाराशी नेऊन मुलीपुढे ठेवली.

न दिलेले न घेणे, हे शील. थंडीत आणि तापातही बोधिसत्त्वाने ते मोडले नाही.