इतकी लांब ओळ

"सर, एकही दोष नाही! म्हणजे आता पंप पाठवायला हरकत नाही ना?"

वृंदा ठोंबरे धावतच आत आली होती. आफळे सरांनी चहाचा कप खाली ठेवला नाही.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली ही छोटी कंपनी दवाखान्यांसाठी सलाइनमधून औषध सोडणारे पंप बनवते. पंपाचा कोड संगणकाच्या सी भाषेत लिहिलेला. इथल्या सगळ्यांना ती भाषा सरांनीच शिकवलेली.

वृंदाने स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. तो दुसऱ्यांचा सी कोड वाचायचा आणि धोक्याच्या जागा दाखवायचा. नाव चाळणी. पंपाचा अख्खा कोड तिने चाळणीतून काढला, उत्तर आलं: दोष शून्य. संध्याकाळी पंप लहान मुलांच्या वॉर्डात जाणार होते. पोरीचे पाय जमिनीवर नव्हते, आणि का असावेत?

"तिला दिसतं का?" सरांनी विचारलं.

"चाळणीला? सर, सगळं दिसतं!"

"बघू."

सरांनी नवी फाइल उघडली. जन्मभर ज्याच्यावरून विद्यार्थ्यांना फैलावर घेतलं, तेच फंक्शन त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. समोरून कितीही मजकूर येवो, जागा किती आहे हे न बघता आत घेणारं.

"सर, तुम्ही हे लिहिताय?"

"चालव."

चाळणीने ती ओळ लगेच लाल केली. वृंदाने टाळी वाजवली. "पकडलं!"

सर हसले. मग त्या ओळीच्या वर गेले, टिपणीची खूण दिली, म्हणजे पुढचं त्या ओळीतलं काहीही कोड धरलं जात नाही, चष्म्याचं घर उचललं आणि कीबोर्डच्या एका बटणावर ठेवून दिलं.

एक्स, एक्स, एक्स... एकच ओळ, लांबत चालली. सरांनी निवांत चहा संपवला.

"आता चालव."

दोष शून्य.

...

"पण सर, चूक तिथेच आहे! मला दिसतेय की!"

"तुला दिसतेय."

वृंदाने चाळणीचा कोड उघडला. एकदम ओरडली, "फार लांब ओळ आली की ही वाचायचंच सोडते! पुढचं बघतच नाही!" आणि लगेच, "अगं बाई... पंपाच्या कोडमध्ये कंपनीच्या बोधचिन्हाचं चित्र आहे, आकड्यांत लिहिलेलं. त्याचे सगळे आकडे एकाच ओळीत!"

ती पळाली.

परतली ती धापा टाकत.

"सर, सापडला! चाळणी दुरुस्त केली आणि खरा दोष सापडला! त्या चित्राच्या खालीच होता. पेशंटच्या नावाला इवलीशी जागा, आणि शेजारीच औषधाचा डोस. नाव लांब असलं की उरलेली अक्षरं थेट डोसवर! कंपनीच्या साहेबांना सांगितलं, माझं शून्य चुकीचं होतं. पंप थांबवलेत."

"शाब्बास."

"पण हे लिहिणारा कोण शहाणा आहे हो? लांब नावाची माणसं बघितलीच नाहीत का त्याने? मला त्याला गाठून चांगलं सुनावायचंय!"

"सुनाव की... आणि तुझ्या चाळणीत ओळीला जागा कमी का होती?"

"अहो सर, इतकी लांब ओळ कोण लिहिणार?"

...

"भेट त्याला," सर म्हणाले. "तुमचं दोघांचं छान जमेल."