सात राज्यांचं सारखं जू

मान सोलली, हे म्हशीचं बोलणं त्या राज्यात कोणीच खरं मानलं नाही. रेड्यांनी नाही, आणि म्हशींनी तर त्याहून नाही.

त्या राज्यात नियम होता. जो मानेवर जू घेऊन दिवसभरात शेत नांगरेल, त्यानेच सभेत बसायचं. जू फक्त रेड्यांना मिळे. म्हशींनी दूध द्यायचं नि गप्प राहायचं. मग सात राज्यांनी मिळून ठराव केला, म्हशीलाही जू द्या. अगदी तेच, तसूभर फरक नको. काजळी नावाची एक म्हैस पुढे झाली. तिने शेत पुरं केलं तर सगळ्या म्हशींना सभेत जागा. थांबली तर ठराव मोडला.

जुवाला मानेच्या दोन्ही बाजूंनी खुंट्या असतात. त्या रेड्याच्या मापाने ठोकलेल्या. चौथ्या फेरीलाच जू सरकायला लागलं, कातडं निघालं.

"हे ढिलं होतंय," म्हैस म्हणाली.

"मग मागितलंस कशाला?" जोडीचा रेडा हसला.

"नखरे मेले!" बांधावरून म्हातारी म्हैस ओरडली. "आम्ही जन्मभर दावं सोसलं, कधी हूं केलं नाही."

दुपारी सात राज्यांची मंडळी पाहणीला आली. उंट अध्यक्ष, सारस मोजणीदार. सारसाने जू मोजलं. दोन्ही बाजू सारख्या! मंडळींनी माना डोलावल्या.

"सारसराव, आता माझी मान मोजा की."

"मानेचा ठराव झालेला नाही, बाई."

"मग मीच मोजते." तिने गवताचा वेढा आधी आपल्या मानेला लावला, मग रेड्याच्या. चांगला वीतभर फरक निघाला. उंटाला भारी नवल वाटलं. त्याने वेढा हुंगला, उलटापालटा केला, गवत कुठलं ते विचारलं, आणि सातही राज्यांत दाखवायला बांधून घेतला. खुंट्या तिथेच राहिल्या.

दोन फेऱ्या उरल्या असताना जू कलंडलं आणि म्हैस गुडघ्यांवर आली. पुन्हा उठली नाही.

लगेच चौकशी बसली. जू निर्दोष, मोजलेलंच होतं. सुतारपक्षी निर्दोष, त्याने नेहमीच्याच मापाने खुंट्या ठोकल्या. ठराव तर निर्दोषच. निकाल बांधावरच्या खांबावर कोरायचा ठरला. सुतारपक्षी मध्येच अडला. म्हशीचं नाव त्याने कधी कोरलंच नव्हतं. त्या राज्यात कुठल्याच खांबावर ते नव्हतं. आपल्यातल्या एकीचं नाव दिसतं कसं, ते बघायला साऱ्या म्हशी गोळा झाल्या. टकटक थांबली. भुसा खाली पडला.

नांगरट अपुरी राहण्याचं कारण : काजळी.