येसू कासाराचं चौथं कडवं

“...आणि वर स्वतःचं नाव ओरडलीस! माझं कापलंस आणि तुझं ओरडलीस!”

“शाहीर, जिन्यात लोक बघतायत.”

“बघू देत! कडवं गाळायचंच होतं तर तिसरं गाळ म्हणून सांगितलं होतं ना मी? मुंडी हलवलीस ना तू?”

“हलवली. पण ऐकून तरी घ्या—”

“तुझ्या तोंडचं काही ऐकायचं नाही मला आता. आज नाही, मरेपर्यंत नाही.”

असं बोलून येसबा कासार मुंबईतल्या त्या हॉटेलचा जिना उतरला. बकुळाबाई कडेगावकरीण वरच्या पायरीवर तशीच उभी राहिली. तिच्यासारखी गाणारीण त्या काळात दुसरी नव्हती, आणि त्याच्यासारखा लिहिणाराही नव्हता. एका गाण्यापायी दोघांनी एकमेकांकडे पाठ केली. माणसं किती हट्टी असतात ते ऐका.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गावोगावी तंबू लागायचे, ढोलकी कडाडली की पाच कोसांवरून गाड्या जुंपून लोक यायचे, तेव्हाची. हिंगणदऱ्याचा येसबा जातीचा कासार. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन दारोदार फिरायचा. बांगडी भरताना हात दुखतो. मग बाईचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तो तिला बोलती करायचा. “काय गं, माहेरी गेलीस की नाही यंदा?” एवढंच विचारायचा. ती बोलायची, आणि बांगडी कधी मनगटात गेली ते तिला कळायचंही नाही. मुंबईला जाईपर्यंत त्याच्या हातून एक बांगडी फुटली नव्हती, असं म्हणतात.

बायका जे बोलल्या ते त्याने गाण्यात आणलं. फडातली बाकीची गाणी पुरुषांनी पुरुषांना डोळा घालायला केलेली. येसबाचं गाणं लागलं की मागे उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. बकुळाने त्याची बत्तीस गाणी गायली. तो नुसतं म्हणून दाखवायचा, ती ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी तंबूत ते गाणं असं उभं राहायचं की येसबाच तिला विचारायचा, “हे मी केलं होय गं?”

“नाही, तुमच्या बांगड्यांनी केलं,” ती म्हणायची.

एक गाणं मात्र सगळ्यांच्या वर होतं. चार कडव्यांचं. त्यातलं तिसरं कडवं एका परगावच्या सुनेचं. तिने एकदा हात पुढे केला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “कासारदादा, घट्ट भरा. सैल असल्या की वाजतात, आणि मी कुठं रडत बसलेय ते घरात कळतं.” पुढच्या खेपेला येसबा गेला तेव्हा ते दार बंद होतं. कोणी काही सांगेना. गावच्या विहिरीवर मात्र महिनाभर एकही घागर गेली नव्हती. येसबा समजला. त्याने तिचं नावही विचारलं नव्हतं. त्या गावाने तर तिचं नाव पुसूनच टाकलं. घरी येईपर्यंत कडवं झालं होतं:

*घट्ट भरा कासारदादा, नको किणकिण हाताला*
*कुठं बसुनि मी रडते आता, कळेल साऱ्या घराला*

बकुळाला गाणं देताना त्याने हे सगळं सांगितलं. ती ढोलकीवाल्याला म्हणाली, “या कडव्याला हात अलगद ठेव.” तंबूत हे कडवं लागलं की जमलेल्या बायकांच्या हातातल्या बांगड्या आपोआप गप्प व्हायच्या, असं म्हणतात.

चौथं कडवं नावाचं. शेवटच्या कडव्यात शाहिराने आपलं नाव गुंफायचं ही जुनी रीत. ते नाव म्हणजे त्याचा सातबारा. येसबाला लिहितावाचता येत नव्हतं, पोरबाळ नव्हतं. दुसरे फडवाले त्याची गाणी उचलायचे आणि शेवटी आपलंच नाव घुसडायचे. म्हणून ते कडवं त्याच्या जिवाचं होतं.

मग मुंबईला गोरा साहेब यंत्र घेऊन आला. हॉटेलच्या खोलीत एक मोठा कर्णा लावला होता, त्यात तोंड घालून गायचं, आणि आवाज मेणाच्या तबकडीवर उतरायचा. पण यंत्राचं पोट लहान. तीन मिनिटं, वर एक श्वास नाही. चार कडवी मावेनात. येसबा म्हणाला, “तिसरं गाळ.” बकुळाने मान हलवली. पण गायला लागल्यावर तिने डोळे मिटले, पहिलं गायलं, दुसरं गायलं, आणि तिसऱ्यातच शिरली. साहेबाने हात वर केला. तबकडी विलायतेला जाणार, तिथल्या लोकांना आवाज कोणाचा ते कळावं म्हणून गाणाऱ्याने शेवटी नाव ओरडायचं असा तेव्हा दंडक होता. ती ओरडली, “मी बकुळाबाई, कडेगावकरीण!”

येसबाचं नाव बाहेरच राहिलं.

ती तबकडी वाऱ्यासारखी फिरली. हाटेलात वाजली, जत्रेत वाजली, लग्नाच्या मांडवात वाजली. एकदा दूरच्या गावात येसबा बांगड्या भरत बसला होता आणि समोरची बाई तेच गाणं गुणगुणत होती.

“कोणाचं गं हे गाणं?”

“बकुळाबाईचं की. एवढंही ठाऊक नाही?”

“माझं आहे ते.”

बाई एवढी हसली की शेजारणी गोळा झाल्या. “ऐकलंत का, कासारदादांनी गाणं केलंय! भरा हो बांगड्या गुमान!”

त्या दिवशी येसबाच्या हातात तीन बांगड्या फुटल्या.

अकरा वर्षं तो बकुळाशी बोलला नाही. तिने दोनदा विडा पाठवून नवं गाणं मागितलं, दोन्ही वेळा विडा तसाच परत गेला. तिने दुसऱ्यांची गाणी घेऊन आणखी चार तबकड्या भरल्या. एकही आज कोणाला आठवत नाही. आणि येसबा? त्याला गाणी सुचायची, पण तो ती दातांखाली धरून ठेवायचा. भिंतीलासुद्धा ऐकवली नाहीत. गाणं काही लोणचं नाही, बरणीत घालून ठेवायला. अकरा वर्षांत किती गाणी मेली कोणास ठाऊक. ती ज्या बायकांची होती, त्या बायकांचं बोलणंही त्यांच्याबरोबर गेलं. याला राग म्हणा, अभिमान म्हणा, काहीही म्हणा, नुकसान सगळ्यांचं झालं.

मग एका वर्षी भैरोबाच्या जत्रेत, दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे फडांनी हजेरी लावायचा तमाशा उभा राहायच्या आधी, हिंगणदऱ्यात एक बैलगाडी आली. बकुळाबाई उतरली. केस पिकले होते. आवाज तर पार गेला होता, बोलली की नुसती हवा यायची. गाडीवानाने देवळासमोर कर्ण्याचं यंत्र मांडलं, आणि तिने आपल्या हाताने तबकडी लावली.

येसबा देवळाच्या ओट्यावरून उठला.

“कापलेलं गाणं माझ्याच गावात वाजवतेस? बकुळे, लाज कशी वाटत नाही गं? चारातलं माझंच बरं सापडलं तुला गाळायला!”

तिने नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

गाणं वाजलं. तिसरं कडवं आलं तशा जत्रेतल्या साऱ्या बांगड्या गप्प झाल्या. पाळण्यातली पोरंही गप्प झाली, असं म्हणतात. मग यंत्रातली बकुळा आपलं नाव ओरडली आणि सुई नुसतीच खरखरत राहिली. येसबा पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात गर्दीतून बायकांचा आवाज उठला. त्याच्या हातून बांगड्या भरलेल्या बायका त्या. कोणी खूण केली नव्हती, कोणी शिकवलं नव्हतं.

*येसू कासार हिंगणदऱ्याचा, शब्द भरितो गाण्याला*
*काकण फुटते, शब्द फुटेना, ठेवून जातो गावाला*

येसबा ओट्यावर बसला तो बसलाच. त्यानंतर त्याने नवं गाणं करायला घेतलं, पण शब्द आले नाहीत, आणि आले असते तरी गायला बकुळाचा गळा कुठे होता? दोघं पुढे नुसती देवळापाशी बसायची, असं म्हणतात.

ती तबकडी झिजली, यंत्र मोडलं. आता ते गाणं फोनवरून भोंग्यात सोडतात. पण हिंगणदऱ्यात जत्रेच्या दुसऱ्या सकाळी ते झाल्याशिवाय कोणत्याही फडाला ढोलकीवर थाप मारू देत नाहीत. तिसऱ्या कडव्याला बायका एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या धरून ठेवतात. बकुळाबाईचं नाव झालं की भोंगा बंद करतात, आणि चौथं कडवं सारा गाव म्हणतो. पहिली ओळ मात्र बायकांची, पुरुषांनी मध्ये तोंड घालायचं नाही.

त्या पहिल्या सकाळी बायकांचं म्हणणं संपलं, तेव्हा येसबाने खाली बघूनच विचारलं होतं, “तरी पण का गं? का केलंस तसं?” बकुळाबाई त्याच्याजवळ वाकली. तिचा आवाज एवढा बारीक होता की पुढच्या दोन रांगांनीच तो ऐकला, आणि त्यांनी मागच्यांना सांगितला. ती म्हणाली, “शाहीर, तुमचं नाव घ्यायला अख्खा गाव होता, त्या पोरीसाठी तिच्या गावात एक तोंड उघडलं नाही, म्हणून यंत्रात मी तिला ठेवली.”